लिटरेचर म्हणजे साहित्य खरं, पण प्रत्येक साहित्य लिटरेचर नसतं: हा शब्द इंग्रजी वाक्यात कसा बसवायचा

एकदा एका इमारतीतल्या दारांवरच्या पाट्या इंग्रजीत करून द्यायचं किरकोळ काम माझ्याकडे आलं होतं. पंधरावीस पाट्या, तासाभराचं काम, म्हणून फार डोकं न लावता टाइप करत सुटलो आणि त्यात 'साफसफाई साहित्य' अशी एक पाटी होती तिचं मी 'क्लीनिंग लिटरेचर' करून टाकलं. पाटी छापून आली, दारावर लागलीसुद्धा. आत झाडू, बादल्या आणि फरशी पुसायची फडकी. आठवडाभराने एकाने मला अगदी सिरियस चेहऱ्याने विचारलं की आतली पुस्तकं घरी न्यायला मिळतात का.

तेव्हापासून या शब्दावर माझा जरा जास्तच डोळा असतो. इतरांचं इंग्रजी तपासताना एक गोष्ट सारखी दिसते, की लिटरेचर हा काही अवघड शब्द नाही, शाळेपासून सगळ्यांना माहितीये, आणि घोळ नेमका त्यामुळेच होतो, कारण अर्थ माहीत असला की आपण पुढचं काही बघतच नाही. तो वाक्यात कसा वागतो, आधी 'अ' येतो का 'द' येतो का काहीच येत नाही, शेवटी 'एस' लागतो का, पुढे 'ऑन' की 'ऑफ', हे कोणी नीट सांगितलेलंच नसतं. म्हणून पायरीपायरीने लिहून काढतोय. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच दिलीत, ती मोठ्याने वाचा, कानाला चूक लवकर कळते.

पायरी १: मनातलं 'साहित्य' कुठलं ते आधी ठरवा

मराठीत साहित्य या एका शब्दात दोन वेगळी बिऱ्हाडं राहतात. एकात कथा, कविता, कादंबरी, नाटक वगैरे मंडळी, आणि दुसऱ्यात कुठल्याही कामाला लागणारं सामानसुमान. खेळाचं साहित्य, चित्रकलेचं साहित्य, बांधकाम साहित्य, शैक्षणिक साहित्य. इंग्रजी लिटरेचरला हे दुसरं बिऱ्हाड नाहीच, अजिबात नाही.

चाचणी सोपी आहे. साहित्य काढून तिथे 'सामान' घालून बघा. 'खेळाचं सामान' चालतं ना? मग तिथे लिटरेचर येणार नाही. खेळाचं असेल तर स्पोर्ट्स इक्विपमेंट, चित्रकलेचं आर्ट सप्लाइज, बांधकामाचं बिल्डिंग मटेरियल्स, रेसिपीतलं असेल तर इन्ग्रीडियंट्स, आणि माझ्या त्या पाटीवर हवं होतं क्लीनिंग सप्लाइज. 'संत साहित्य' मध्ये सामान घालून बघा, वाक्य कोसळतं, म्हणजे तिथे लिटरेचर बरोबर.

यात वाईट काय आहे तर कॉम्प्युटर ही चूक पकडून देत नाही. 'स्पोर्ट्स लिटरेचर' हे इंग्रजीत अस्तित्वात आहे, त्याचा अर्थ खेळांबद्दलचं लेखन. 'टीचिंग लिटरेचर' पण आहे, 'शी हॅज बीन टीचिंग लिटरेचर फॉर ट्वेंटी इयर्स', म्हणजे बाई वीस वर्षं साहित्य शिकवतायत. तुम्हाला म्हणायचंय तक्ते आणि नकाशे, स्पेलिंग बरोबर, व्याकरण बरोबर, खाली लाल रेघ नाही, आणि वाचणाऱ्याला भलतंच कळतंय. शैक्षणिक साहित्याला टीचिंग मटेरियल किंवा लर्निंग मटेरियल म्हणा आणि पुढे चला.

पायरी २: लिटरेचरचे तीन अर्थ वेगळे ठेवा

पहिला अर्थ सगळ्यांना माहीत असलेला, कलेच्या अंगाने लिहिलेलं लेखन. 'आय स्टडीड लिटरेचर ॲट कॉलेज.' यात एक छुपा मापदंडही असतो. 'इट्स अ गुड थ्रिलर, बट इट्स नॉट लिटरेचर' असं कोणी म्हणालं तर तो पुस्तकाचा प्रकार सांगत नाहीये, दर्जा ठरवतोय, थोडं नाक वर करूनच. मराठीत आपण 'हे काही साहित्य नव्हे' म्हणतो तसंच.

पण हा मापदंड फक्त कथा-कवितांपुरता आहे असं समजू नका. नोबेलच्या नियमातच लिहिलंय की लिटरेचरमध्ये ललित लेखनाबरोबर असं इतर लेखनही येतं ज्याला त्याच्या रूपामुळे आणि शैलीमुळे वाङ्मयीन मूल्य आहे. त्यामुळे १९०२ मध्ये ते बक्षीस थिओडोर मॉमसेन या इतिहासकाराला मिळालं, १९५० मध्ये बर्ट्रांड रसेल या तत्त्वज्ञाला, १९५३ मध्ये विन्स्टन चर्चिलला, ज्यात त्याच्या भाषणांचाही उल्लेख होता, आणि २०१६ मध्ये बॉब डिलनला गाण्यांसाठी, ज्यावरून जगभर वाद झाला, आणि तो वाद मुळात याच शब्दाच्या अर्थाचा होता.

दुसरा अर्थ म्हणजे एखाद्या विषयावर आत्तापर्यंत छापून आलेलं संशोधन, सगळं मिळून. यात कथा-कविता काही नाही. 'द मेडिकल लिटरेचर' म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या कविता नव्हेत, तर वैद्यकीय जर्नलांतले शोधनिबंध. पबमेड नावाचा जो डेटाबेस आहे त्यात अशा निबंधांच्या ३ कोटींहून जास्त नोंदी आहेत, आणि तो स्वतःची ओळख बायोमेडिकल लिटरेचरच्या नोंदी अशीच करून देतो. तुम्ही थीसिस किंवा पेपर लिहीत असाल तर नव्वद टक्के वेळा तुम्हाला हाच अर्थ हवा असतो आणि वाक्य मात्र पहिल्या अर्थाचं लिहिलेलं असतं. त्यावर चौथ्या पायरीत येतो. याच कुटुंबातलं 'ग्रे लिटरेचर' पण लक्षात ठेवा, म्हणजे प्रकाशकांमार्फत रीतसर न छापलेले अहवाल, प्रबंध, सरकारी कागदपत्रं वगैरे.

तिसरा अर्थ म्हणजे माहितीपत्रकं, फोल्डर, पत्रकं. 'सेल्स लिटरेचर', 'कॅम्पेन लिटरेचर', 'प्रॉडक्ट लिटरेचर'. एखाद्या गिऱ्हाइकाने ईमेलमध्ये 'डू यू हॅव एनी लिटरेचर ऑन धिस पंप?' असं विचारलं तर त्याला पंपाचं माहितीपत्रक हवंय. तुम्ही स्वतः लिहिताना 'ब्रोशर' किंवा 'लीफलेट' म्हटलंत तर जास्त सरळ होतं, पण समोरच्याने लिटरेचर म्हटलं तर गोंधळू नका.

एक चौथा कोपराही आहे, संगीतवाल्यांचा. 'द व्हायोलिन लिटरेचर' म्हणजे व्हायोलिनसाठी लिहिलेल्या सगळ्या रचना. तुमचा संबंध यायची शक्यता कमी, पण कुठे वाचलंत तर दचकू नका.

जाता जाता, हा शब्द मुळात लॅटिन लिटेरा म्हणजे अक्षर यावरून आलाय आणि इंग्रजीत बराच काळ त्याचा अर्थ पुस्तकं असा नव्हताच, तर अक्षरज्ञान, विद्वत्ता, वाचलेपण असा होता. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या शब्दकोशात लिटरेचरचा अर्थ विद्या असाच दिलाय, आणि कवी मिल्टनबद्दल लिहिताना तो 'हिज लिटरेचर' म्हणतो तेव्हा त्याला मिल्टनची विद्वत्ता म्हणायचीय, मिल्टनची पुस्तकं नाही. म्हणजे तेव्हा लिटरेचर माणसाकडे असायचं, आता कपाटात असतं. आपला वाङ्मय शब्द उलट बाजूने आलाय, वाक् म्हणजे वाणी, त्यामुळे मौखिक वाङ्मय म्हणताना मराठी माणसाला काही खटकत नाही, पण 'ओरल लिटरेचर' म्हणताना इंग्रजीत 'तोंडी अक्षरं' असला विचित्र प्रकार होतो, आणि म्हणून युगांडाच्या पिओ झिरिमू या भाषातज्ज्ञाने त्यासाठी 'ओरेचर' हा वेगळाच शब्द काढला. ओरल लिटरेचर अजूनही सर्रास वापरतात, चुकीचं नाही.

पायरी ३: 'अ' आणि 'एस' यांना हात लावायच्या आधी थांबा

नेहमीच्या वापरात लिटरेचर मोजता येत नाही. पाणी, माहिती, फर्निचर जसं, तसंच. त्यामुळे 'आय रेड अ लिटरेचर' चूक, 'मेनी लिटरेचर्स' चूक, आणि 'टू हंड्रेड लिटरेचर्स वेअर रिव्ह्यूड' तर फारच चूक आणि फारच कॉमन. शोधनिबंध मोजायचे असतील तर पेपर्स म्हणा, स्टडीज म्हणा, आर्टिकल्स म्हणा, लिटरेचर मोजू नका. एकच कलाकृती म्हणायची असेल तर 'अ वर्क ऑफ लिटरेचर' किंवा 'अ पीस ऑफ लिटरेचर', जास्त असेल तर 'अ लॉट ऑफ लिटरेचर', आणि संशोधनाबद्दल 'मच ऑफ द लिटरेचर', मेनी नाही, मच.

क्रियापदही त्यामुळे एकवचनी. 'द लिटरेचर शोज', 'द लिटरेचर सजेस्ट्स', 'द लिटरेचर इज डिव्हायडेड'. शंभर पेपर डोळ्यासमोर असतात म्हणून हात 'शो' लिहायला जातो. त्याला आवरा.

आता हे एवढं ठणकावून सांगितल्यावर अपवाद सांगायला जरा लाज वाटते, पण आहेत, आणि ते चांगल्या लेखकांच्या वाक्यांत दिसतात म्हणून सांगायलाच हवेत. 'अ' चालतो, पण बहुतेक वेळा मध्ये विशेषण असेल तर. 'देअर इज अ ग्रोइंग लिटरेचर ऑन स्लीप अँड मेमरी.' 'अ व्हास्ट लिटरेचर एक्झिस्ट्स ऑन धिस क्वेश्चन.' इथे लिटरेचर म्हणजे त्या विषयावरच्या लेखनाचा एक ढीग, आणि ढीग एक असतो म्हणून 'अ'. विशेषण काढून नुसतं 'देअर इज अ लिटरेचर ऑन स्लीप' हेही ॲकेडमिक लोक म्हणतात, पण त्यात एक खास सूर असतो, 'अहो यावर लोकांनी लिहून ठेवलंय' असा, तो सूर नको असेल तर टाळा.

आणि 'लिटरेचर्स' चालतो तो अनेक भाषांची किंवा अनेक समाजांची साहित्यं वेगवेगळी धरायची असतील तेव्हाच. 'द लिटरेचर्स ऑफ आफ्रिका' म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं की तिथे एक साहित्य नाही, कितीतरी भाषांमधली कितीतरी आहेत. विद्यापीठांतल्या विभागांची नावं 'लँग्वेजेस अँड लिटरेचर्स' अशी असतात ती याच कारणाने. तुमच्या वाक्यात अनेक भाषा नसतील तर 'एस' नाही, संपलं.

पायरी ४: 'द', म्हणजे खरा खेळ

मराठीत 'द' नाही, त्यामुळे आपण तो मिठासारखा टाकतो, आठवेल तेव्हा चिमूटभर. बऱ्याच शब्दांत चालून जातं, पण लिटरेचरमध्ये 'द'ने अर्थच बदलतो. ही दोन वाक्यं वाचा.

'लिटरेचर शोज दॅट ग्रीफ चेंजेस पीपल.'
'द लिटरेचर शोज दॅट ग्रीफ चेंजेस पीपल.'

पहिलं वाक्य ऐकून माणसाला वाटतं कथा-कादंबऱ्या, शोकांतिका, कविता यांतून दिसतं की दुःख माणसाला बदलतं. दुसरं ऐकून वाटतं मानसशास्त्राच्या अभ्यासांतून असं सिद्ध झालंय. एका अक्षराने तुम्ही नाट्यगृहातून प्रयोगशाळेत गेलात. आता तुमच्या थीसिसमधलं 'लिटरेचर सेज' आठवा.

तीच गोष्ट 'इन'ची. 'ट्विन्स आर कॉमन इन लिटरेचर', म्हणजे साहित्यात जुळी भावंडं बरीच भेटतात. 'धिस साइड इफेक्ट हॅज बीन रिपोर्टेड इन द लिटरेचर', म्हणजे औषधाचा हा दुष्परिणाम शोधनिबंधांत नोंदवलेला आहे. छापलेल्या पेपरांतही कधीकधी 'द' गाळलेला दिसतो, ते बघून आपणही गाळू नये, चांगला एडिटर तो परत घालतोच.

कलेच्या अर्थाने वापरताना मात्र नियम उलट्या टोकाचा. सर्वसाधारण साहित्य म्हणायचंय, 'द' नाही. 'शी लव्ह्ज लिटरेचर.' इथे 'द लिटरेचर' म्हटलं की ऐकणारा थांबून वाट बघतो, कुठलं? विशेषण आधी असेल तरी नाही: 'रशियन लिटरेचर', 'मिडीव्हल लिटरेचर', 'चिल्ड्रन्स लिटरेचर', 'वर्ल्ड लिटरेचर'. पण मागे 'ऑफ' लावून बांधलंत की 'द' येतो. 'द लिटरेचर ऑफ रशिया', 'द लिटरेचर ऑफ द नाइन्टीन्थ सेंच्युरी'. दोन्ही एकत्र आले तर 'ऑफ' जिंकतो, म्हणजे 'द रशियन लिटरेचर ऑफ द नाइन्टीन्थ सेंच्युरी' बरोबर, पण नुसतं 'द रशियन लिटरेचर' लंगडं.

मग कोणी विचारेल की 'मेडिकल' पण विशेषणच आहे ना, तिथे 'द मेडिकल लिटरेचर' कसं काय? बरोबर पकडलंत. तिथे दुसरा अर्थ आहे, संशोधनाचा ढीग, आणि तो ढीग बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांना ठाऊक असतो, म्हणून 'द'. म्हणजे आधी पायरी २ करायची, मग पायरी ४. उलटं केलंत तर 'द' कधीच जमणार नाही, मी स्वतः कितीतरी दिवस नियम पाठ करत बसलो होतो आणि अर्थ बघतच नव्हतो.

अजून एक, 'अ लिटरेचर रिव्ह्यू' मध्ये तो 'अ' लिटरेचरचा नाही, रिव्ह्यूचा आहे. म्हणून 'वी डिड लिटरेचर रिव्ह्यू' हे अर्धवट आणि 'वी डिड अ लिटरेचर रिव्ह्यू' बरोबर. लिटरेचर सर्च, लिटरेचर सर्व्हे, लिटरेचर क्लास, सगळ्यांना हेच लागू.

पायरी ५: मागचे-पुढचे छोटे शब्द

यात फार वेळ घालवू नका. संशोधनाच्या विषयाआधी 'ऑन': 'द लिटरेचर ऑन क्लायमेट चेंज'. 'अबाउट' पण चालतो, पण तो माहितीपत्रकांना जास्त शोभतो, 'सम लिटरेचर अबाउट द कोर्स'. देश, काळ, समाज यांच्याआधी 'ऑफ'. वाचकांसाठी 'फॉर', 'लिटरेचर फॉर यंग रीडर्स'. पदवीला 'इन', 'अ डिग्री इन लिटरेचर'. नोबेलचं अधिकृत नाव 'नोबेल प्राइझ इन लिटरेचर' असं 'इन'वालं आहे, पण ब्रिटिश लेखनात 'फॉर लिटरेचर' पण खूप दिसतं, त्यावरून कोणाशी भांडू नका.

'कॉन्ट्रिब्यूशन'नंतर 'टू' येतो, आणि इथे परत 'द'चा खेळ आहेच. 'हर कॉन्ट्रिब्यूशन टू लिटरेचर' म्हणजे लेखिका म्हणून तिचं योगदान, 'हर कॉन्ट्रिब्यूशन टू द लिटरेचर' म्हणजे त्या विषयावर तिने पेपर लिहिले.

पायरी ६: लिटरेचर, लिटररी, लिटरेट, लिटरसी, लिटरल

ही सगळी एकाच अक्षराच्या पोटची भावंडं आणि चेहरे सारखे, त्यामुळे अदलाबदल होते.

लिटररी हे विशेषण. 'लिटररी क्रिटिक', 'लिटररी एजंट', 'लिटररी मॅगझिन'. 'लिटरेचर वर्क' असं काही नसतं, 'लिटररी वर्क' म्हणा किंवा 'वर्क ऑफ लिटरेचर'. पण ही दोन अगदी एकच आहेत असंही नाही आणि यात एक मजा आहे. कॉपीराइटच्या कायद्यात 'लिटररी वर्क' हा शब्द फार रुंद आहे. १८८६ च्या बर्न करारापासून तो चालत आलाय, आणि १९९५ पासून लागू झालेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारात स्पष्ट म्हटलंय की कॉम्प्युटर प्रोग्रॅमला लिटररी वर्क म्हणूनच संरक्षण द्यायचं. म्हणजे तुमच्या मोबाइलमधल्या ॲपचा कोड हा कायद्याच्या भाषेत लिटररी वर्क आहे, पण त्याला 'वर्क ऑफ लिटरेचर' म्हणालात तर प्रोग्रॅमरसुद्धा हसेल. करारनाम्याचं भाषांतर करताना 'लिटररी वर्क'ला डोळे झाकून 'ललित साहित्यकृती' करू नका, एवढ्यासाठी हे सांगितलं.

दुसरी मोठी चूक प्रबंधवाल्यांची. 'लिटररी रिव्ह्यू' आणि 'लिटरेचर रिव्ह्यू' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधीचं संशोधन तपासलं तर लिटरेचर रिव्ह्यू. लिटररी रिव्ह्यू म्हटलं की पुस्तक-परीक्षणांचं नियतकालिक किंवा एखाद्या साहित्यकृतीची समीक्षा डोळ्यासमोर येते. सिमेंटच्या मजबुतीवर प्रबंध आणि दुसऱ्या प्रकरणाचं नाव लिटररी रिव्ह्यू, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, छापून, बाइंडिंग करून.

काही ठिकाणी मात्र दोन्ही चालतात. लिटररी फेस्टिव्हलही म्हणतात आणि लिटरेचर फेस्टिव्हलही, इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमचा १९४९ पासूनचा महोत्सव स्वतःला लिटरेचर फेस्टिव्हलच म्हणवतो. विद्यार्थी मात्र 'लिटरेचर स्टुडंट', कारण 'लिटररी स्टुडंट' म्हटलं तर विषय नाही, त्याचा स्वभाव सांगितल्यासारखं होतं. शिक्षकालाही तसंच.

लिटरेट म्हणजे साक्षर, लिटरसी म्हणजे साक्षरता. 'लिटररी रेट' हे साक्षरतेच्या टक्केवारीसाठी लिहिलेलं दिसतं ते साफ चूक, लिटरसी रेट हवं. लिटरल म्हणजे शब्दशः, त्याचा साहित्याशी संबंध एवढाच की भाषांतर लिटरल केलं की लिटररी राहत नाही. आणि डी.लिट्. मधलं लिट् हे लिटरेचरचं नाही बरं का, पदवीचं इंग्रजी नाव 'डॉक्टर ऑफ लेटर्स' आहे, लिट् आलाय लॅटिनमधून, आणि लेटर्स म्हणजे तिथे पत्रं नव्हेत, विद्या. 'मॅन ऑफ लेटर्स'चं कोणी 'पत्रांचा माणूस' केलं तर पोस्टमन होईल.

पायरी ७: उच्चार आणि स्पेलिंग, पटकन

आपण देवनागरीत लिटरेचर लिहितो आणि तेच वाचतो, 'रे' वर छान ताणून. इंग्रजीत तो 'रे' ऐकूच येत नाही. ब्रिटिश उच्चार साधारण 'लिट्रचर', तीन तुकडे, अमेरिकन 'लिटरचर', चार तुकडे धरले तरी मधले दोन गिळलेले. जोर पहिल्या 'लि'वर.

स्पेलिंगमध्ये मधला 'ई' किंवा 'ए' गळतो तो या गिळण्यामुळेच. लिटरेट शब्दाचं स्पेलिंग लिहा, एल-आय-टी-ई-आर-ए-टी-ई, शेवटचा ई काढा, यू-आर-ई लावा, झालं लिटरेचर. टी दोनदा आहे पण जोडून नाही. लेटर शब्दात दोन टी जोडून येतात म्हणून हात तसा वळतो. आणि कॅपिटल: वाक्याच्या मध्ये 'इंग्लिश लिटरेचर' लिहिताना इंग्लिशचा ई कॅपिटल, लिटरेचरचा एल लहान. परीक्षेच्या पेपरचं किंवा कोर्सचं अधिकृत नाव असेल तेव्हाच दोन्ही कॅपिटल.

पायरी ८: एक आजारी परिच्छेद दुरुस्त करून बघू

खालचा परिच्छेद मी बनवलाय, पण यातलं प्रत्येक वाक्य कुठे ना कुठे पाहिलेलं आहे.

'ॲज पर लिटरेचर्स, मेनी ऑथर्स हॅव वर्क्ड ऑन ट्रान्सलेशन. वी डिड लिटररी रिव्ह्यू ऑफ टू हंड्रेड लिटरेचर्स. लिटरेचर शो दॅट मोस्ट स्टडीज आर अबाउट नॉव्हेल्स. सो देअर इज अ गॅप इन लिटरेचर.'

पहिल्या वाक्यातला 'एस' काढायचा, 'द' घालायचा, आणि 'ॲज पर' हा ऑफिसच्या पत्राचा वास येणारा प्रकार पण काढायचा. खरं तर अख्खं वाक्यच बदललेलं बरं, 'देअर इज अ लार्ज लिटरेचर ऑन ट्रान्सलेशन', 'बऱ्याच लेखकांनी काम केलंय' हे त्यात आपोआप आलं. दुसऱ्यात लिटररीचं लिटरेचर, आधी 'अ', आणि मोजलेली वस्तू पेपर्स. किंवा सरळ 'वी रिव्ह्यूड टू हंड्रेड पेपर्स', यात लिटरेचर शब्दच नाही आणि काही अडलं नाही. तिसऱ्यात 'द लिटरेचर' आणि 'शोज', पण मला विचाराल तर 'मोस्ट ऑफ देम डील विथ नॉव्हेल्स' एवढं पुरे. चौथ्यात 'गॅप इन द लिटरेचर', 'द' शिवाय म्हणजे जगाच्या साहित्यात भोक पडल्यासारखं वाटतं. आणि तो गॅप म्हणजे काय ते लगेच सांगायचं, कारण हा वाक्प्रचार इतका घासून गुळगुळीत झालाय की नुसता वापरला तर वाचणारा पुढे सरकतो.

एकत्र करून:

'देअर इज अ लार्ज लिटरेचर ऑन ट्रान्सलेशन. वी रिव्ह्यूड टू हंड्रेड पेपर्स. मोस्ट ऑफ देम डील विथ नॉव्हेल्स. द लिटरेचर सेज लिटल अबाउट प्लेज ट्रान्सलेटेड फॉर द स्टेज.'

आधी चार वाक्यांत लिटरेचर चारदा होतं, आता दोनदा, आणि दोन्हीकडे त्याचं काम आहे. गॅप शब्द न वापरता गॅप दिसला.

आता तुमच्या फाइलमध्ये सर्च उघडा, लिटरेचर टाका, आणि एकेक सापडेल तसं थांबा. सामान म्हणायचं होतं का, संशोधन असेल तर 'द' आहे का, मागे 'एस' चिकटलाय का, क्रियापद एकवचनी आहे का. मग लिटररी टाकून दुसरी फेरी मारा, लिटरसी आणि लिटरेचर रिव्ह्यूच्या जागी तो घुसलेला असतो. एका परिच्छेदात चार-पाच वेळा लिटरेचर सापडलं तर निम्म्या ठिकाणी पेपर्स, स्टडीज, बुक्स, नॉव्हेल्स यांपैकी जे खरंच म्हणायचंय ते लिहा. आणि पाट्या करत असाल तर टाइप करण्याआधी दार उघडून आत काय आहे ते बघून या.